मुके जनावर आणि बहिरे वाङ्मय

पाळीव प्राण्यांविषयी मराठीत कोणी लिहू लागला की त्याच्या लेखणीतून पहिला शब्द उतरतो तो 'मुके' हा. मुके जनावर, मुका जीव, मुकी माया. या विशेषणामागे दया आहे आणि दयेला आमची हरकत नाही. परंतु विशेषण म्हटले की ते वर्णन झाले, आणि वर्णन यथार्थ आहे की नाही हे पाहणे टीकेचे कामच आहे. दाराबाहेर पाऊल वाजताच कान टवकारणारा कुत्रा, रिकाम्या बशीपाशी बसून घरधनिणीकडे टक लावणारे मांजर, वासरू दूर नेले की दाव्याला हिसके देणारी गाय, यांपैकी मुके नेमके कोण? यांना वाचा नाही हे खरे. पण वाचा नसणे आणि बोलणे नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आमच्या मते 'मुके' हे विशेषण लावून मराठी लेखकाने ऐकण्याच्या जबाबदारीतून स्वतःची सुटका करून घेतली आहे.

आम्ही कारकुनी पेशाची माणसे. अर्जदाराचा मूळ अर्ज न वाचता, त्यावरील आधीचे शेरे तेवढे वाचून नवा शेरा मारण्याची रीत आमच्या चांगल्या परिचयाची आहे. जनावरांच्या प्रकरणात आपल्या वाङ्मयाने बहुधा हेच केले. मूळ अर्ज जनावराच्या अंगावर, कानांत, शेपटीत, चालीत लिहिलेला असतो. तो बाजूला राहिला आणि निष्ठा, कृतज्ञता, वात्सल्य असे शेऱ्यांवर शेरे चढत गेले. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही एकच कसोटी लावणार आहोत: लेखकाने जनावराचे आधी ऐकले आणि मग लिहिले, की आधीच ठरविलेले त्याच्या तोंडी घातले?

आरंभ थोरल्या ग्रंथापासूनच करावा. महाभारताच्या आदिपर्वात एक कुत्रे येते आणि महाप्रस्थानिक पर्वात दुसरे. जनमेजयाच्या सत्रात शिरलेल्या पिलाला त्याचे तिघे भाऊ बडवून काढतात. पिलाने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, तिकडे पाहिलेलेही नसते. त्याची आई सरमा येऊन जाब विचारते, कोणी उत्तर देत नाही, तेव्हा ती राजाला शाप देते की तुझ्यावर अवचित भय कोसळेल. सरमा माणसाच्या भाषेत बोलते म्हणून तिची फिर्याद ग्रंथात नोंदली गेली. शेवटचे कुत्रे मात्र एक अक्षरही बोलत नाही. हस्तिनापुरापासून ते पांडवांच्या मागे चालत राहते. द्रौपदी पडते, चौघे भाऊ पडतात, तरी ते चालतच असते. इंद्राचा रथ येतो आणि कुत्र्याला टाकून रथात चढण्यास युधिष्ठिर नकार देतो. लगेच ते कुत्रे धर्मरूपाने प्रकट होते. शतकानुशतके आपण या प्रकटीकरणाचे कौतुक करीत आलो. पण परीक्षा संपताच कुत्रे नाहीसे होते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ते धर्म होते म्हणून युधिष्ठिर थांबला नाही. तो थांबला तेव्हा त्याच्यापुढे एक सामान्य, थकलेले, सोबत चालत आलेले कुत्रे होते, आणि त्या चालण्याचा अर्थ त्याला कळला होता. कथेचे खरे तेज आम्हाला या न बोललेल्या देवघेवीत दिसते.

संतचरित्रांतील तीन कथा मराठी मुलांना बाळपणीच ऐकावयास मिळतात. पैठणास ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. काशीहून रामेश्वराकडे निघालेल्या गंगेच्या कावडीतील पाणी एकनाथांनी तापल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजले. भूतमात्री एकच चैतन्य आहे हा तिन्हींचा आशय आणि त्यापुढे आम्ही नम्र आहोत. तथापि आमची कसोटी लावली की तिन्ही कथांत बारीक पण महत्त्वाचा भेद दिसतो. पहिल्या कथेत रेड्याची प्रतिष्ठा सिद्ध होण्यासाठी त्याला माणसाची, तीही विद्वानांची, भाषा बोलावी लागते. दुसऱ्या कथेत प्रेम ओसंडून वाहते. परंतु मागून धावत येणारा माणूस कुत्र्याच्या बोलीत पाठलाग करणाराच ठरतो, आणि त्या बिचाऱ्या कुत्र्याला तुपाचा हेतू कळावा कसा? तिसऱ्या कथेत गाढव बोलत नाही आणि कोणी त्याला बोलावयास लावतही नाही. त्याची कोरडी पडलेली जीभ, झाडले जाणारे पाय एका माणसाने पाहिले व त्याला काय हवे ते ओळखले. रेड्याच्या कथेला आपण चमत्कार म्हणतो. गाढवाच्या कथेत चमत्कार काहीच नाही. ती कोणालाही आज दुपारी आचरता येण्याजोगी आहे.

लोकभाषेकडे वळावे तर तेथे कुत्र्याची अवस्था आणखी केविलवाणी आहे. एखाद्याचे हाल कुत्रा खात नाही, एखादा कुत्र्याच्या मौतीने मरतो, एखाद्याला कुत्रेही विचारीत नाही. शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच. आदराने बोलावयाचे झाले की लगेच 'श्वान' हा संस्कृत शब्द आठवतो, जणू 'कुत्रा' या शब्दात आदर मावतच नाही. मांजराची गतही निराळी नाही. डोळे मिटून दूध पिणारे मांजर म्हणजे ढोंगी माणसाची उपमा, हे म्हणीने कायम करून ठेवले. वस्तुतः मांजर पाळणाऱ्या कोणालाही विचारावे. ओळखीच्या माणसासमोर मांजर सावकाश पापण्या मिटते ते निर्धास्तपणामुळे. माणसाने तशाच संथपणे डोळे मिचकावले तर मांजरही पुष्कळदा तसाच प्रतिसाद देते, हे २०२० साली इंग्लंडमधील संशोधकांनी प्रयोगाने दाखविले. ज्या मिटल्या डोळ्यांत विश्वास असू शकतो त्यांवर आपल्या म्हणीने लबाडीचा शिक्का मारला.

यावरून मराठी माणसाला जनावरांची बोली कधी कळलीच नाही असे कोणी समजू नये. ती शेतकऱ्याला कळत होती व आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. जुवाखाली राबलेले खांदे हळद आणि तूप किंवा लोणी लावून चोळतात, आणि दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे आवतण बैलांना तोंडाने देतात. हा उपचार निव्वळ धार्मिक नाही. खांदा चोळणाऱ्या हाताला सूज लागते, गळू लागते. बैल कोठे अंग चोरतो ते कळते. म्हणजे सणाच्या निमित्ताने बैलाची जबानीच घेतली जाते. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये (१९३५) मोरी गाय श्यामच्या आईवाचून दुसऱ्या कोणाला धार काढू देत नाही. या प्रकरणातील करुणेविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. आम्हाला मोलाचे वाटते ते हे की गायीला येथे आवड आणि नावड आहे, ती नकार देऊ शकते, आणि घरातील माणसे तो नकार मानतात. व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी'त (१९५५) मेंढरांच्या जगण्यामरण्याशी बांधलेली वस्ती उभी केली आणि 'सत्तांतर'मध्ये (१९८२) वानरांच्या टोळ्यांचा संघर्ष त्यांच्या वागणुकीच्या निरीक्षणातून मांडला. त्यांच्याजवळ रानात बसून राहण्याचा धीर होता. हा धीर जनावरांवरील लेखनाचे पहिले भांडवल आहे.

मात्र गोठ्यातले जनावर शहरातल्या दिवाणखान्यात आले आणि आपल्या लेखकाचा कान गेला. गोठ्यातील जनावराशी बोलण्याची रीत पिढ्यानपिढ्या चालत आली होती. दिवाणखान्यातील कुत्र्याशी कसे बोलावे हे कोणी शिकविलेच नव्हते. मराठी घरातला कुत्रा 'यू यू' आणि 'हाड' एवढ्या दोन शब्दांवर पूर्वी जगत असे. आता त्याला 'सिट', 'कम', 'नो' असे इंग्रजी हुकूम ऐकावे लागतात, आणि लाड मात्र मराठीत होतात. पु. ल. देशपांडे यांनी 'पाळीव प्राणी' या लेखात प्राणी पाळणाऱ्यांच्या हौसेची जी मनमुराद थट्टा केली तिला तोड नाही. पण त्या थट्टेचा विषय माणूस आहे, आणि तो असणे योग्यच आहे. दुःख इतकेच की त्यानंतरच्या अनुकरणकारांनी थट्टा तेवढी घेतली. दुसरीकडे शाळेच्या निबंधात कुत्र्याची आत्मकथा लिहिण्याची परंपरा आहे. तीत कुत्रा प्रथमपुरुषी बोलतो, आपली निष्ठा सांगतो, माणसाच्या कृतघ्नपणावर प्रवचन देतो आणि शेवटी डोळे पुसतो. प्रौढ लेखकांचे पाळीव प्राण्यांवरील मृत्युलेख पुष्कळदा याच निबंधाची सुधारून वाढविलेली आवृत्ती असतात. त्यांत कुत्रा निष्ठावंत असतो. पण तो झोपताना कुशीवर वळे की पोटावर, फटाक्यांच्या रात्री कोठे लपे, म्हातारपणी जिना चढताना कोणत्या पायरीवर थांबे, यांतले काही हाती लागत नाही.

आम्ही दिल्लीत राहतो. हिंदी वाङ्मय आम्हाला शेजारघरासारखे आहे. तेथील दोन उदाहरणे मराठी लेखकांनी अवश्य पाहावीत. प्रेमचंदांच्या 'पूस की रात' (१९३०) या कथेत हल्कू नावाचा शेतकरी कांबळ्यासाठी साठविलेले तीन रुपये सावकाराला देऊन बसतो आणि थंडीच्या रात्री शेत राखायला जातो. सोबत जबरा नावाचा कुत्रा. थंडी असह्य होते तेव्हा हल्कू त्याला कुशीत घेतो. पुढे नीलगायी पिकात शिरतात. जबरा भुंकून भुंकून सांगत राहतो. हल्कूला ते सारे कळते, पण शेकोटीच्या उबेतून त्याच्याने उठवत नाही. कुत्र्याला वाचा न देता प्रेमचंदांनी येथे पूर्ण संवाद घडविला आहे. एकाने सांगितले, दुसऱ्याला कळले, आणि दारिद्र्याने गारठलेल्या देहाने साथ दिली नाही. शोकांतिका समजुतीच्या अभावी घडलेली नाही, म्हणूनच ती अधिक जिव्हारी लागते.

दुसरे उदाहरण महादेवी वर्मा यांच्या 'मेरा परिवार' (१९७२) या पुस्तकाचे. कावळ्यांच्या चोचींनी घायाळ झालेल्या खारीच्या पिलाला त्या वाढवितात व गिल्लू म्हणून हाक मारतात. भूक लागली की गिल्लू चिकचिक करून सांगतो. उन्हाळ्यात तो लेखिकेजवळच्या सुरईवर पसरून पडतो. तेथे गारवाही मिळतो आणि जवळीकही. महादेवींची भाषा पुष्कळदा अलंकृत होते, काही ठिकाणी भावनेचा अतिरेकही होतो, हे आम्ही मान्य करतो. तरीही त्यांचे प्रत्येक अनुमान डोळ्यांनी पाहिलेल्या एखाद्या हालचालीवर उभे असते. अनुवादापुरते पाहावयाचे तर राम पटवर्धनांच्या 'पाडस'ने मराठी वाचकाला असाच अनुभव दिला आहे. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या मूळ अमेरिकन कादंबरीतील पाडस वाढते आणि पीक खाते, कारण हरणाने तेच करावयाचे असते. ते दुष्ट नाही आणि कृतघ्नही नाही. ज्योडीवर कोसळणारे दुःख कोणाच्या अपराधाचे फळ नाही, एवढे लेखिकेला कळले होते म्हणून ती कादंबरी श्रेष्ठ झाली.

येथे एक आक्षेप संभवतो. जनावराच्या मनात काय चालते हे कोणालाच ठाऊक नसते. मग लेखकाने कल्पना करू नये तर काय करावे? आमचे उत्तर असे की कल्पना जरूर करावी, पण पाहून झाल्यावर करावी. न पाहता केलेली कल्पना किती फसवी असते याचा एक उत्तम दाखला शास्त्राने दिला आहे. घरात काही उपद्व्याप करून ठेवलेला कुत्रा धन्यापुढे कान पाडून, नजर चुकवून, अंग चोरून उभा राहतो आणि आपण म्हणतो, पाहा, याला आपला अपराध कळला. अमेरिकेतील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की कुत्र्याचा हा 'अपराधी' चेहरा त्याने आज्ञा मोडली की नाही यावर अवलंबून नसतो. धनी रागावला की तो दिसतो, मग कुत्रा निरपराध का असेना. म्हणजे ज्याला आपण कबुलीजबाब समजत होतो ती धन्याच्या रागावरची प्रतिक्रिया होती. सरमेच्या पिलाची कथा येथे आपोआप आठवते.

शेपटीचेही तसेच. शेपूट हलली म्हणजे कुत्रा खूश, असे आपण धरून चालतो. डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या भावाविष्कारावरील ग्रंथात चाल करून जाणाऱ्या आणि लाडात आलेल्या कुत्र्याची चित्रे देऊन दाखविले होते की दोन्ही अवस्थांत सारे शरीर परस्परविरुद्ध ठेवण घेते; एकट्या शेपटीवरून निकाल द्यायचा नसतो. इटलीतील संशोधकांनी २००७ साली त्यात भर घातली: आपला धनी दिसला की कुत्र्याची शेपूट त्याच्या उजवीकडे अधिक झुकते, परका दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे. ताठ अंगाने, रोखलेल्या नजरेने, उंच धरलेली शेपूट थरथरत असेल तर तेथे हात पुढे करू नये. झोप आलेली नसता दिलेली जांभई, विनाकारण ओठांवरून फिरविलेली जीभ, वळविलेली मान, ही अस्वस्थतेची चिन्हे असू शकतात. गुरगुरणे हा तर सरळ इशारा. त्याबद्दल कुत्र्याला मारले तर तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी एकदम चावतो. या गोष्टी जनावरांच्या डॉक्टरांना ठाऊक असतात. त्या कथालेखकाला ठाऊक नसाव्यात हे आम्हाला पटत नाही. शेताचे वर्णन करणाऱ्याला ज्वारी आणि बाजरी ओळखता यावी अशी आपली अपेक्षा असतेच ना?

या चर्चेला केवळ वाङ्मयीन महत्त्व आहे असे मानू नये. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली व आसपासच्या भागातील रस्त्यांवरील कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी व लसीकरण करून कुत्री जेथून उचलली तेथेच सोडावीत, रेबीज झालेली वा त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाणे ठरवून दिलेल्या जागीच घालावे. त्या दिवसांत राजधानीतील वसाहतींमधून जो वाद झाला त्यात दोन्ही पक्षांचा आवाज मोठा होता आणि दोन्ही पक्षांना कान कमी होते. एका पक्षाला प्रत्येक कुत्रा देवदूत वाटत होता, दुसऱ्याला प्रत्येक कुत्रा हिंस्र. चावा बसलेल्या मुलाच्या आईबापांची भीती खरी आहे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुऊन ताबडतोब लस घेण्याला पर्याय नाही. परंतु मुलाला कुत्र्याची बोली शिकविणे हाही संरक्षणाचाच भाग आहे. परक्या कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालू नयेत, तो खात असता वा पिलांपाशी असता जवळ जाऊ नये, तो जवळ आला तर पळत सुटू नये, हे आपल्या बालवाङ्मयात किती ठिकाणी सांगितलेले आढळते? तेथे तर कुत्रा टोपी घालून शाळेत जातो.

आणि एक विषय तर खास आम्हा बृहन्महाराष्ट्रातील लेखकांचा आहे. आमचे जिणे बदल्यांचे. दर काही वर्षांनी सामान बांधावयाचे, मुलांच्या शाळा बदलावयाच्या, घराच्या किल्ल्या परत करावयाच्या. सरकारी वसाहतीत राहिलेल्या कोणालाही विचारावे: बदलीच्या मालमोटारीत कपाट चढते, शिवणयंत्र चढते, तुळशीची कुंडीसुद्धा चढते, कुत्रा पुष्कळदा मागे राहतो. तो काही दिवस त्याच जिन्याखाली बसतो. मराठी घरात वाढलेला, मराठी हाकेला ओ देणारा हा जीव मग हिंदी हाका ऐकू लागतो आणि हळूहळू वसाहतीचा होतो, किंवा होत नाही. स्थलांतर, परकेपणा, भाषा तुटणे यांवर आम्ही प्रवासी मराठी लेखक किती कथा-कविता लिहितो. आमच्याइतकाच तुटलेला हा सोबती त्यांत अपवादानेच येतो. युधिष्ठिराने ज्या प्रश्नाला स्वर्गाच्या दारात उत्तर दिले तो प्रश्न आमच्या जिन्याखाली बसलेला असतो, आणि त्यावर एक बरी मराठी कथा आमच्या वाचनात आलेली नाही.

ती कथा कोणी लिहावयास घेतलीच, तर आमची त्याला एवढीच विनंती राहील की त्याने कुत्र्याला बोलावयास लावू नये. त्याने आठ दिवस त्या जिन्यापाशी बसावे. कोणत्या पावलांना कुत्रा मान वर करतो, कोणत्या वाहनाच्या आवाजाला उठतो, घातलेले अन्न लगेच खातो की दार बंद झाल्यावर खातो, हे टिपून घ्यावे. निष्ठा हा शब्द तोवर लेखणीत राहू द्यावा. एवढे पाहून झाल्यावरही तो शब्द लिहावासा वाटला तर त्याने अवश्य लिहावा. तेव्हा तो शब्द खरा झालेला असेल.